मेंदूतील पाटकरी



मधुमेहाची गोळी वा इन्शुलिन घेऊन काहीजण उपाशीपोटीच सकाळच्या मिस्सेला येतात आणि तसेच शेतावर जातात, हे आम्ही पाहतो. त्यांच्यासाठी हा धडा.

मेंदू शरीराच्या वजनाच्या सुमारे २ टक्के. पण शरीराच्या एकूण शक्तीपैकी सुमारे २० टक्के एकटा वापरतो, तीही मुख्यतः रक्तातील साखरेतून. म्हणून त्याच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाच्या लहानशा भागात देवाने काही पेशी पाटकऱ्यासारख्या नेमल्या आहेत. साखर उतरली की त्यांना कळते. यकृत ही आपली साखरेची कणगी. ती उघडण्याचा हुकूम त्या नसांवाटे धाडतात आणि भूक लावतात. घाम, थरथर, धडधड ही त्यांचीच हाक.

परंतु साखर वारंवार फार उतरू दिली, तर हा पाटकरी हाक देईनासा होतो. मग काही इशारा न मिळताच माणूस बरळू लागतो, बेशुद्ध पडतो.

हाक येताच तीन-चार लहान चमचे साखर पाण्यातून घ्यावी. १५ मिनिटांत बरे न वाटल्यास पुन्हा घ्यावी. मग भाकरी खावी. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नये. त्वरित दवाखान्यात न्यावे. असे पुन्हा पुन्हा होत असल्यास डॉक्टरांकडून औषधाचे प्रमाण तपासून घ्यावे.

ख्रिस्तशरीर स्वीकारण्यापूर्वीचा एक तासाचा उपवास आजाऱ्यांना व वृद्धांना बंधनकारक नाही, असे ख्रिस्तसभेचा कायदाच सांगतो. तेव्हा निःशंक मनाने न्याहारी करून या.