घरच्या कुत्रीचे बाळंतपण



घरात गाय विणार असली की आपण किती आधीपासून तयारीला लागतो! गोठा झाडतो, चारा राखून ठेवतो, जाणत्या माणसाला सांगून ठेवतो. पण दारातली कुत्री विणार असली तर आपण काय म्हणतो? "कुत्रीला काय करायचंय? विईल कुठंतरी वळचणीला." आम्हीही असेच म्हणत होतो. आम्ही शाळेत मुलांना चाळीस वर्षे शहाणपण शिकवले, पण हे शहाणपण आम्हाला आमच्या चंपीने शिकवले. तेच आज तुम्हाला सांगतो.

आमचे गाव माणदेशात आहे. उघडा मुलूख. हिवाळ्यात रात्री बोचरा वारा सुटतो. तीन वर्षांपूर्वी पौष महिन्यात चंपी पहिल्यांदा व्याली, ती लाकडांच्या ढिगामागे. सकाळी पाहतो तो पाच पिल्ले. दोन तिच्या पोटाशी होती. तीन बाजूला सरकून गारठली होती. आम्ही धावपळ केली. गाईचे दूध आणले, कापसाचा बोळा भिजवून त्यांच्या तोंडात पिळला. एकाच्या नाकातून दूध बाहेर आले. दुपारपर्यंत तिन्ही गेली.

पुढे गुरांच्या डॉक्टरांनी आम्हाला समजावले. "गुरुजी, तुम्ही दूध मायेनं पाजलंत. पण गारठलेल्या पिल्लाला दूध पचत नाही. त्याला धड गिळताही येत नाही. दूध श्वासनळीत उतरतं. आधी ऊब, मग दूध."

आधी ऊब, मग दूध. हे चार शब्द आम्ही त्याच दिवशी वहीत लिहून ठेवले. तुम्हीही लिहा.

दिवस कसे मोजावेत

कुत्री साधारण ६३ दिवस गाभण असते. चार-पाच दिवस इकडेतिकडे होतात. म्हणून कुत्र्याशी संग झाल्याची तारीख कॅलेंडरवर लिहावी आणि पुढे नऊ आठवडे मोजावेत. आठव्या आठवड्याच्या आत सगळे सामान जमलेले असावे.

शेवटच्या आठवड्यात रोज सकाळ-संध्याकाळ तिचा ताप मोजावा. त्यासाठी वेगळा थर्मामीटर ठेवावा. माणसांचा वापरू नये. त्याच्या टोकाला खोबरेल तेल लावून तो गुदद्वारात हलकेच घालतात. कुत्रीचे अंग आपल्यापेक्षा गरम असते. एरवी पारा १०१ ते १०२ च्या आसपास असतो. तो ९९ च्या खाली उतरला की बहुधा २४ तासांच्या आत ती विते. मग ती खात नाही, धापा टाकते, पायाने जागा उकरते. घरात कुणीतरी थांबावे.

जागा कशी असावी

घरातला शांत, कोरडा कोपरा निवडावा. तिथे वारा नको आणि पोरांची वर्दळ नको. एक लाकडी खोके घ्यावे. त्यात कुत्रीला पाय पसरून आडवे होता यावे आणि वळता यावे. पुढची बाजू अशी असावी की आई ओलांडून जाईल, पण पिल्लू बाहेर पडणार नाही.

खोक्याच्या आतून चारही बाजूंना बांबूच्या काठ्या बांधाव्यात. त्या तळापासून चार इंच उंच आणि फळीपासून चार इंच आत असाव्यात. हे कशाला? आई फळीला टेकून बसते, तेव्हा मागे सापडलेले पिल्लू चिरडते. काठी असली की त्याला तेवढी जागा राहते.

तळाला जुन्या वर्तमानपत्रांचे जाड थर घालावेत. वर जुन्या धोतराचे किंवा लुगड्याचे धुतलेले तुकडे अंथरावेत. गोणपाट नको. त्याचे दोरे सुटून पिल्लांच्या पायांना गुरफटतात. खताचे किंवा फवारणीच्या औषधाचे पोते तर कितीही धुतले तरी वापरू नये. ते विष आहे. खोके फिनेलने धुऊ नये. कढत पाण्याने धुऊन उन्हात वाळवावे.

दहा-बारा दिवस आधीपासून कुत्रीला त्या खोक्यात झोपायची सवय लावावी. नाहीतर ती ऐन वेळी आपल्या मनाची जागा शोधते. आमच्या चंपीने लाकडांचा ढीग शोधला, तो असाच.

काय काय जमवावे

एका स्वच्छ टोपलीत पुढील वस्तू ठेवाव्यात आणि टोपली झाकून ठेवावी.

१. धुतलेल्या मऊ सुती फडक्यांचे दहा-बारा तुकडे.
२. एक कात्री आणि पक्का सुती दोरा. दोन्ही पाण्यात उकळून घेतलेले.
३. जखमेला लावायचे आयोडीनचे औषध.
४. हात धुवायला साबण. नखे आधीच कापून घ्यावीत.
५. गरम पाणी भरायला दोन घट्ट बुचाच्या बाटल्या आणि त्यांना गुंडाळायला कापड.
६. पिल्ले थोडा वेळ ठेवायला फडके अंथरलेली लहान टोपली.
७. स्वयंपाकघरात असतो तसा ग्रॅम दाखवणारा लहान वजनकाटा.
८. बॅटरी. वीज केव्हा जाईल याचा नेम नाही.
९. घड्याळ, कागद आणि पेन्सिल.
१०. गुरांच्या डॉक्टरांचा फोन नंबर, मोठ्या आकड्यांत लिहून भिंतीला लावलेला. रात्री ते येऊ शकतील का, हे आधीच विचारून ठेवावे. गाडी कोणाची मिळेल, तेही ठरवावे.

यात महाग असे काय आहे? निम्म्या वस्तू घरातच सापडतात. मात्र त्या एका जागी हव्यात. रात्री बारा वाजता कात्री शोधायची आणि सकाळी दोरा सापडायचा, असे नको.

आपण काय करावे, काय करू नये

बहुतेक कुत्र्या आपले आपण वितात. पिल्लू एका पातळ पडद्याच्या पिशवीत येते. आई पडदा फाडते, नाळ तोडते, पिल्लाला चाटून कोरडे करते. मागोमाग वार पडते. हे सारे ती करत असेल तर आपण हात लावू नये. लांब बसून पाहावे.

आईने लगेच पडदा फाडला नाही, तर मात्र आपण थांबू नये. हात साबणाने धुऊन पिल्लाच्या तोंडावरचा पडदा काढावा. नाक-तोंड पुसावे. डोके थोडे खाली धरून कोरड्या फडक्याने अंग चोळावे, ते ओरडेपर्यंत. काही लोक पिल्लू हातात धरून गरगर झुलवतात. तसे मुळीच करू नये. त्याने मेंदूला इजा होते.

नाळ तुटली नसेल तर पिल्लाच्या पोटापासून एक इंचावर दोरा बांधावा आणि दोऱ्याच्या पलीकडे कापावी. टोकाला आयोडीन लावावे. नाळ ओढू नये.

मग पिल्लू आईच्या आचळाला लावावे. पहिल्या दिवसाचे दूध म्हणजे चीक. त्यातूनच पिल्लाला रोगाशी झगडायची शक्ती मिळते. म्हणून पहिल्या काही तासांतच ते प्यायला हवे.

पहिल्या आठवड्यात पिल्लाला आपल्या अंगाची ऊब राखता येत नाही. त्यांच्या जागी ३० अंश सेल्सियसच्या आसपास ऊब हवी. कापडात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली एका कडेला ठेवावी. दुसरी कडा मोकळी ठेवावी, म्हणजे फार गरम झाले तर पिल्ले सरकतात. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवू नये. तिच्या विषारी धुराने पिल्लेच काय, माणसेही दगावतात.

डॉक्टरांना केव्हा बोलवावे

हे नीट वाचा. दोनदा वाचा.

कुत्री जोराच्या कळा देते आहे आणि अर्धा तास झाला तरी पिल्लू येत नाही.
पोटात पिल्ले आहेत, पण दोन तास झाले तरी पुढचे आले नाही.
पहिले पिल्लू येण्याआधीच हिरवट-काळे पाणी गेले.
पिल्लू अर्धे बाहेर येऊन अडकले.
रक्त फार जाते आहे.

यांपैकी एक जरी झाले तरी वाट पाहू नये. फोन करावा. कुणी दुकानातून कळांचे इंजेक्शन आणून देतो म्हणेल. ते डॉक्टरांशिवाय देऊ नये. पिल्लू आडवे असले तर त्या इंजेक्शनाने गर्भपिशवी फाटू शकते.

दुसऱ्या खेपेची रात्र

आता चंपीच्या दुसऱ्या वेताची गोष्ट सांगतो. या वेळी खोके होते, टोपली होती. शेजारची सून आमच्या रात्रीच्या वर्गाला येते. चार महिन्यांत ती लिहायला शिकली होती. ती मदतीला आली. आमच्या डोळ्यांना रात्री बारीक दिसत नाही. म्हणून आम्ही म्हटले, "सूनबाई, घड्याळ तुझ्याकडे. कागदही तुझ्याकडे."

ती म्हणाली, "गुरुजी, मला एवढं लिहिता येईल का?"

"वर्गात लिहितेस तेच इथं लिहायचं."

पहिले पिल्लू १० वाजून २० मिनिटांनी आले. दुसरे १० वाजून ५५ मिनिटांनी. तिसरे ११ वाजून ४० मिनिटांनी. प्रत्येक वार पडली की ती पुढे एक खूण करी. पिल्लाचे वजन लिही. साडेबाराला चंपीला पुन्हा जोराच्या कळा सुरू झाल्या. पिल्लू येईना. आम्हाला वाटले, आत्ताच तर कळा लागल्या, थोडे थांबावे. चंपी आमच्याकडे पाहत होती.

सूनबाई कागद बघून म्हणाली, "गुरुजी, अर्धा तास झाला."

आम्ही म्हटले, "नाही गं, दहा मिनिटं झाली असतील."

तिने कागद आमच्यापुढे धरला. "मी लिवलंय ना. साडेबारा. आता एक वाजला."

आम्ही निमूटपणे फोन लावला. डॉक्टर मोटारसायकलवर पावणेदोनला आले. पिल्लू आडवे अडकले होते. त्यांनी ते काढले. ते मेलेलेच निघाले. पण त्याच्यामागे आणखी दोन होती. ती जिवंत आली. चंपीही वाचली. डॉक्टर म्हणाले, "आणखी दोन तास थांबला असता तर आई गेली असती, मागची दोन्ही गेली असती."

मग त्यांनी तो कागद हातात घेतला. "हे कोणी लिहिलं? मला काही विचारावंच लागलं नाही." कागदावर 'पिल्लू' हा शब्द चुकला होता. 'पिलु' असा लिहिला होता. डॉक्टरांचे त्यावाचून काही अडले नाही. तो कागद आम्ही जपून ठेवला आहे.

पुढची काळजी

पिल्लांचे रोज एकाच वेळी वजन करून लिहावे. पहिल्या दिवशी थोडे घटले तर चालते. पुढे रोज वाढले पाहिजे. साधारण दहा दिवसांत ते दुप्पट होते. वजन वाढत नसेल ते पिल्लू उपाशी किंवा आजारी आहे, असे समजावे.

आईला पोटभर खाऊ घालावे. भाकरी, दूध, उकडलेले अंडे, आणि पाणी सदा भरलेले. दोन-तीन आठवड्यांनी ती थरथर कापू लागली, पाय ताठ करून चालू लागली, तर तिच्या अंगातला चुना कमी झाला आहे. दुधावाटे तो जातो. तेव्हा ताबडतोब डॉक्टर हवा. यात काही तासांत जीव जातो.

पिल्लांचे डोळे १० ते १४ दिवसांत उघडतात. दुसऱ्या आठवड्यापासून डॉक्टरांना विचारून जंताचे औषध द्यावे. आठ आठवड्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडू नये. तीन महिन्यांचे झाले की पिसाळण्याच्या रोगाची लस टोचून घ्यावी. ज्यांना पिल्लू द्याल त्यांनाही हे सांगावे.

व्यालेली कुत्री घरच्यांनाही चावू शकते. लहान पोरांना जवळ जाऊ देऊ नये. कोणाला दात लागलाच तर जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस घ्यावी. हळद, चुना, मिरची लावून बसू नये.

आणि पुढच्या खेपेची पिल्ले सांभाळणे झेपणार नसेल तर कुत्रीच्या नसबंदीबद्दल डॉक्टरांना विचारावे. आम्ही चंपीची करून घेतली. आता ती आमच्या ओसरीवर निवांत असते.

आठवा आणि सांगा

१. कुत्री साधारण किती दिवस गाभण असते?
२. खताचे पोते अंथरायला का वापरू नये?
३. गारठलेल्या पिल्लाला आधी काय द्यावे?
४. सूनबाईने कागदावर काय काय लिहिले?

लिहा

आपल्या गावच्या गुरांच्या डॉक्टरांचा फोन नंबर विचारून आणा. तो मोठ्या आकड्यांत लिहा आणि घरात सर्वांना दिसेल असा लावा.