दुधाची दाढ आहे म्हणून काय झालं?

अगं, चिनूची दाढ ठणकते म्हणालीस तेव्हापासून माझ्या मनात तेच घोळतंय. ‘दुधाचीच आहे, पडणारच’ असं सासूबाई म्हणाल्या आणि तुलाही ते पटलेलं दिसलं. पुढच्या दातांचं तसं असतं, सहा-सात वर्षांचं झालं की पडायला लागतात. पण मागच्या दुधाच्या दाढा नऊ ते बाराव्या वर्षापर्यंत लागतात. चिनू आत्ताशी पाचाचा. तोवर पोर चावणार कशानं?

शिवाय सहाव्या वर्षाच्या सुमारास मागून पहिली कायमची दाढ येते. तिच्या पुढची दुधाची दाढ आधीच काढलेली असली, तर ही कायमची दाढ पुढे सरकते आणि खालून येणाऱ्या दाताला जागाच उरत नाही. तो नवा दात आत्ता दुधाच्या दाढेच्या मुळांमध्येच घडतोय. तिथे पू साठत राहिला, तर त्याच्यावर कायमचे डाग किंवा खड्डे पडू शकतात.

आता एक नीट आठवून सांग. थंड-गोड खाल्लं की क्षणभर कळ येते, की काही न खाता, रात्री झोपेतून उठवणारा ठणका लागतो? नुसती कळ असेल तर बरेचदा नसेचा वरचा भागच खराब झालेला असतो. तेवढाच काढून, मुळांतला जिवंत भाग तसाच ठेवून वर औषध भरतात. त्याला पल्पोटॉमी म्हणतात. रात्रीचा ठणका किंवा हिरडीवर पुवाची पुळी असेल, तर बहुतेक नस मुळापर्यंत गेलेली असते. मग मुळांच्या नळ्या साफ करून भरतात, ती पल्पेक्टॉमी. मोठ्यांच्या रूट कॅनालमध्ये भरतात ते रबरासारखं सामान इथे चालत नाही. मुळांबरोबर विरघळणारी पेस्टच लागते, नाहीतर नव्या दाताची वाट अडते. कुठली करायची ते एक्स-रे बघून ठरतं, म्हणून शक्यतो लहान मुलांच्या दातांच्याच डॉक्टरकडे ने. खर्चाची काळजी असेल तर सरकारी दंत महाविद्यालयात मुलांचा वेगळा विभाग असतो, पैसे खूप कमी लागतात.

वर बहुधा स्टीलची कॅप बसवतील. चांदीसारखी दिसते म्हणून नको म्हणू नकोस. पोखरलेली दाढ तिच्यामुळेच टिकते, आणि दाढेबरोबर तीही पडते. मुळं फारच झिजली असतील किंवा हाड खराब झालं असेल, तर मात्र दाढ काढावीच लागते. तेव्हा जागा राखणारी तार बसवायची का, हे आवर्जून विचार.

आणि घरात उरलेलं अँटिबायोटिक सिरप अजिबात देऊ नकोस गं. सूज उतरते, आपण निर्धास्त होतो आणि कुजलेली नस आत तशीच राहते. लवंगेचं तेलही लावू नकोस, कोवळी हिरडी भाजते. दुखणं थांबायला वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल पुरे, तेही डॉक्टरांना विचारून. गाल सुजून ताप आला, सूज डोळ्यापर्यंत चढली किंवा गिळायला, श्वास घ्यायला त्रास व्हायला लागला, तर सकाळची वाट बघायची नाही. रात्रीच हॉस्पिटल गाठायचं.

चिनूला ‘सुई नाही टोचणार’ असं खोटं सांगू नकोस. ‘दाढेला झोपवतील, थोडं चिमटल्यासारखं होईल’ एवढंच सांग. घरी आल्यावर दोन-तीन तास त्याच्याजवळ बस. ओठ बधीर असतो, मुलं गंमत म्हणून तो चावत बसतात आणि संध्याकाळी ओठ सुजतो.