अवधूताच्या शाळेत गृहस्थाचं काम



मार्गशीर्ष पौर्णिमा जवळ आली की आपल्याकडे गुरुचरित्राचे सप्ताह बसतात. सहाव्या दिवशीच्या वाचनात ४० वा अध्याय येतो आणि सातव्या दिवशी ४७ वा. इतकी वर्षं हे अध्याय वाचले, पण ते दोन्ही हाताने करायच्या कामाविषयी आहेत, हे माझ्या ध्यानात नोकरी संपल्यावरच आलं. त्याआधी ते माझ्या लेखी चमत्काराचे अध्याय होते.

नोकरी संपली त्याच्या पुढच्या सोमवारी मी सवयीने अंघोळ उरकून, इस्त्रीचा शर्ट घालून, डबा कुठे आहे म्हणून विचारलं होतं. घरातले हसले, मीही हसलो. पण दुपारी एकटा बसलो तेव्हा ते हसू टिकलं नाही. आपल्या देवळाच्या पारावर संध्याकाळी जी मंडळी बसतात त्यांच्यापैकी बहुतेकांची ही अवस्था मी ऐकली आहे. ‘आता जप करा, आणखी काय राहिलं?’ असं एकमेकांना सांगतो खरं, पण माळ हातात आणि लक्ष फाटकाकडे, कोण येतं, कोण जातं! ज्या माणसाचं कुणावाचून काही अडत नाही आणि ज्याच्यावाचून कुणाचंच काही अडत नाही, त्याचा जपही जागेवर बसत नाही, असा माझा अनुभव आहे. म्हणून यंदाच्या अंकासाठी दत्तसंप्रदायातली कामाची बाजू थोडी अभ्यासावी असं मनात आलं.

पहिली अडचण खुद्द अवधूताचीच. भागवताच्या ११ व्या स्कंधात ७ व्या अध्यायापासून ९ व्या अध्यायापर्यंत अवधूत आणि यदुराजा यांचा संवाद आहे. श्रीकृष्ण तो उद्धवाला सांगतात. तिथे त्या ब्राह्मणाचं नाव नुसतं अवधूत एवढंच आहे. ते दत्तात्रेय, ही आपल्या परंपरेची ओळख. यदूचा प्रश्न मोठा मार्मिक आहे. तो म्हणतो, तुम्ही ज्ञानी आहात, अंगात कौशल्य आहे, धडधाकट आहात, आणि तरी काहीच करत नाही, काही मागत नाही. सगळं जग वणव्यात होरपळतंय आणि तुम्ही मात्र गंगेच्या पाण्यात उभ्या असलेल्या हत्तीसारखे गार! हे कसं? म्हणजे राजालाही पडला तो आपलाच प्रश्न, फक्त उलट्या बाजूने. त्याला काम न करणाऱ्याचा आनंद कळत नव्हता, आपल्याला काम सुटल्याचं दुःख आवरत नाही.

यावर अवधूताने ग्रंथांची यादी सांगितली नाही. चोवीस गुरू सांगितले. आता ही चोवीस नावं जरा मोजून पाहू. पृथ्वी, वायू, आकाश, पाणी, अग्नी ही पंचमहाभूतं, चंद्र, सूर्य, समुद्र, कबुतर, अजगर, पतंग, मधमाशी, हत्ती, हरीण, मासा, टिटवी, साप, कोळी आणि कुंभारमाशी. हे झाले एकोणीस. माणसं उरली फक्त पाच : पोळ्यातला मध काढून नेणारा, पिंगला, लहान मूल, कुमारिका आणि बाण तयार करणारा. या पाचांत लेकरू सोडलं तर बाकीचे आपापल्या पोटाच्या उद्योगात आहेत. स्वतः काम न करणाऱ्या अवधूताने माणसांतून गुरू निवडले ते मात्र कामातले. ही गोष्ट माझ्या वाचनात फार उशिरा शिरली.

बाण करणाऱ्याची हकिगत सगळ्यांना माहीत आहे. तो बाणाचं टोक सरळ करत बसला होता. समोरून राजाची स्वारी वाजतगाजत गेली, त्याला पत्ता नाही. कीर्तनात हे एकाग्रतेचं उदाहरण म्हणून येतं, आणि मूळ आशयही तोच आहे. पण तो डोळे मिटून बसलेला नव्हता, हेही पाहिलं पाहिजे. त्याचे डोळे उघडे होते, हातात हत्यार होतं, आणि बाण सरळ झाला की वाकडा राहिला हे त्याला कुणी दुसऱ्याने सांगावं लागत नव्हतं. जे काम स्वतःच आपल्याला सांगतं की ‘अजून थोडं राहिलंय’, त्यात मन आपोआप लागतं. सुतार, शिंपी, स्वयंपाक करणारी बाई, वाफा खुरपणारा माळी यांना हे सांगावं लागत नाही. मला सांगावं लागलं, कारण माझा जन्म फाइली पुढे सरकवण्यात गेला.

कुमारिकेच्या गोष्टीत मला अधिक गोडी वाटते. घरची माणसं बाहेर गेलेली, आणि तिला मागणी घालायला पाहुणे आले. त्यांच्या जेवणासाठी ती आत साळी कांडायला बसली. हातातल्या शंखाच्या बांगड्या वाजू लागल्या. घरात कांडलेला तांदूळ नाही, मुलीलाच कांडावं लागतंय, हे पाहुण्यांना कळेल म्हणून तिला लाज वाटली. तिने एकेक करून बांगड्या वाढवल्या, हातात दोन दोन ठेवल्या. तरी आवाज होईच. मग एकेकच ठेवली. अवधूत यातून एकांत शिकला : पुष्कळ जण एकत्र आले की भांडण, दोघे असले तरी गप्पा. आमच्यासारख्या घरात राहणाऱ्यांना एकांत मिळणं कठीण. पण त्या मुलीने कांडण थांबवलं नाही, आवाज थांबवला, एवढं आपल्याला उचलता येतं. निवृत्तीनंतर आपण नेमकं उलटं करतो, बरं का! कांडण बंद आणि बांगड्या वाजताहेत. ‘आमच्या वेळी’, ‘मी असताना’, ‘मला कुणी विचारत नाही’.

अजगराचा आधार मात्र अनेक जण भलत्या ठिकाणी घेतात. अजगर जागचा हलत नाही, समोर येईल ते खातो, नाही आलं तर उपाशी पडून राहतो. भागवतात हा धडा स्पष्टच यतीसाठी आहे. अंगात ताकद असूनही तो धडपड करत नाही. ज्याने घरदार सोडलं त्याला हे शोभतं. सुनेच्या हातचा चहा पिऊन आरामखुर्चीत पडलेल्या गृहस्थाने ‘मी अजगरवृत्तीने राहतो’ म्हणू नये. अजगराकडून आपण फार तर ताटात येईल ते मुकाट्याने खायला शिकावं. तेवढंसुद्धा साधत नाही. भाजीत मीठ कमी पडलं की आमचं वैराग्य कळतं.

मधमाशीचा धडा महाराष्ट्राने सरळ व्यवहारात आणला. फुलाला इजा न करता प्रत्येकाकडून थोडं थोडं घ्यायचं, यावरूनच माधुकरी हा शब्द आला. पाच घरं मागून शिकलेले विद्यार्थी आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीत गावोगाव होते. दत्तप्रभू रोज स्नान काशीला, भिक्षा कोल्हापूरला आणि निद्रा माहूरला करतात असं आपण मानतो. गाणगापुरात दुपारी आजही यात्रेकरू झोळी घेऊन माधुकरी मागतात. खाऊनपिऊन सुखी असलेला माणूससुद्धा तिथे दारात उभा राहतो. पण हीच मधमाशी साठा करते आणि साठ्यापायी जिवाला मुकते, हेही अवधूत लगेच सांगतो. एकाच माशीकडून त्याने घ्यायचं काय आणि टाळायचं काय, दोन्ही शिकून घेतलं.

आता गुरुचरित्राकडे. ४७ व्या अध्यायातला पर्वतेश्वर हा शेतकरी. श्रीगुरू मठातून संगमावर अनुष्ठानाला जात, त्या वाटेवर त्याचं शेत. तो शेतातून धावत यायचा, दंडवत घालायचा आणि परत शेतात. श्रीगुरू माघारी निघाले की पुन्हा तेच. पुष्कळ दिवस असं चाललं. शेत सोडून तो संगमावर जाऊन बसला असं पोथी म्हणत नाही, आणि श्रीगुरूंनीही त्याला तसं सांगितलं नाही. त्याला सांगितलं ते शेतातलंच काम : मी परत येईपर्यंत हे उभं पीक कापून टाक. जोंधळा अजून पिकायचा होता! बायकापोरं रडली, आडवी आली, गावाने वेड्यात काढलं. त्याने शेताचा खंड आधीच ठरवून घेतला आणि कापणी केली. पुढे अवेळी हवा-पाऊस बिघडून गावाचं पीक गेलं आणि याच्या बुडख्यांना नवे फुटवे येऊन शेत भरलं. जोंधळ्याच्या बुडख्याला पुन्हा फुटवा येतो हे शेतकरी जाणतो, त्याला त्यात नवल नाही. नवल आहे ते रोज पाहून, खुरपून, पाणी देऊन वाढवलेल्या पिकावर विळा चालवण्याचं. ज्याने शेत मनापासून केलं असेल त्यालाच ते सोडण्याची किंमत कळेल. मी खुर्ची सोडली तेव्हा माझ्या जिवावर आलं होतं, म्हणजे मी तिथे अगदीच वाया गेलो नसेन, असा सोयीचा अर्थ मी यातून काढून घेतला आहे!

४० व्या अध्यायात कुष्ठाने गांजलेला नरहरी. श्रीगुरूंनी त्याला सरपणासाठी आणलेलं वाळलेलं औदुंबराचं लाकूड दिलं आणि सांगितलं, संगमावर रोव आणि तीन वेळा पाणी घाल. लोक हसले. श्रीगुरूंच्या कानावर घातलं की हा वेडा लाकडाला पाणी घालतोय. तो मात्र घालत राहिला. पालवी फुटली ती श्रीगुरूंनी कमंडलूतलं तीर्थ शिंपडल्यावर. इथे एक गोष्ट मला नेहमी अडवते. तीर्थ पहिल्याच दिवशी शिंपडता आलं असतं की! मग त्या रोगी माणसाला नदीच्या खेपा कशाला घालायला लावल्या? माझ्या समजुतीप्रमाणे, ज्याला माणसं जवळ उभं करत नव्हती त्याला आधी कुणीतरी सांभाळायला दिलं. लाकूड का असेना.

हाताच्या कामाविषयी आणखी एक आठवण आपल्या परंपरेतलीच. नाथमहाराज देवगिरीला जनार्दनस्वामींकडे असताना हिशेबाचं काम करत. एका पैचा घोळ सापडेना म्हणून रात्रभर जागले आणि सापडल्यावर आनंदाने टाळी वाजवली, अशी कथा आपण लहानपणापासून ऐकतो. पुढे त्यांनीच ११ व्या स्कंधावर सुमारे १८,८०० ओव्यांची टीका लिहिली, आणि ती शके १४९५ मध्ये, म्हणजे इ. स. १५७३ साली, काशीत पूर्ण झाली. पहिले पाच अध्याय पैठणला झाले आणि पुढचे काशीला, असं सांगतात. म्हणजे चोवीस गुरूंचं हे प्रकरण, जिथे दत्तप्रभू नित्य स्नान करतात त्याच काशीत मराठीत उतरलं.

माझ्यापुरतं सांगायचं तर मी नरहरीचं काम मागून घेतलं. आमच्या भागातल्या दत्तमंदिराच्या आवारात जुना औदुंबर आहे. पहाटे त्याच्याखाली उंबरांचा सडा पडतो. त्याने माश्या होतात, पाय घसरतात, म्हणून तक्रारी होत्या. मी झाडू घेतला. पहिले आठ दिवस ओशाळल्यासारखं झालं. ओळखीचं कुणी आलं की झाडू खांबाआड ठेवायचो. कुमारिकेची लाज मला तेव्हा समजली.

झाडता झाडता उंबर फोडून पाहायची सवय लागली. उंबराचं फूल दिसत नाही म्हणून आपण क्वचित भेटणाऱ्याला ‘उंबराचं फूल झालास’ म्हणतो. फुलं असतात, शेकड्यांनी असतात, पण फळाच्या आत. टोकाला बारीक भोक असतं. त्यातून चिलटाएवढी माशी आत शिरते. वाट इतकी अरुंद की शिरताना तिचे पंखसुद्धा गळतात. ती आत पराग पोहोचवते, अंडी घालते आणि तिथेच संपते. तिच्या पिल्लांतले नर बिनपंखाचे. ते बाहेरची वाट कोरून देतात, आणि माद्या पराग घेऊन दुसरं उंबर शोधायला निघतात. ही माशी नसेल तर उंबराचं बी धरत नाही, आणि उंबर नसेल तर ती माशी जगत नाही. खारी, वटवाघळं, पोपट, बुलबुल या झाडावर पोसतात ते वेगळंच. अवधूताने कुंभारमाशी पाहिली. ही माशी त्याच्या यादीत नाही, पण त्याच्या शाळेतलीच.

मध्यंतरी आवारात फरशी बसवायचं ठरलं. खोडापर्यंत सगळं काँक्रीट, म्हणजे झाडलोट सोपी. मी सभेत बोललो. जरा तावातावानेच बोललो, ते चुकलं. मुळांना हवा लागते, पावसाचं पाणी मुरायला माती उघडी लागते. वराहमिहिराने बृहत्संहितेत जमिनीखालचं पाणी शोधायच्या खुणांत औदुंबराचं झाड सांगितलं आहे, हेही सांगितलं. बृहत्संहितेने कुणाचं मन वळलं नाही. एक वयस्कर बाई उठल्या आणि म्हणाल्या, ‘अहो, मग रोजची तांब्याभर पाण्याची धार मी फरशीवर घालू का?’ त्यावर कुणाला उत्तर सुचेना. खोडाभोवती चारी बाजूंनी दोन हात माती मोकळी सोडायचं ठरलं.

सध्या त्या मातीत पहाटे कोळी जाळं विणतो. दहिवर पडलं की ते स्वच्छ दिसतं. प्रदक्षिणेला येणाऱ्या बायका त्याला धक्का न लावता पाणी घालतात, आणि मी तेवढी जागा सोडून झाडतो. परवा एका नातवाने आजीला विचारलं, ‘हा आजोबांचा कितवा गुरू?’ त्या मला विचारायला आल्या. मी पोथी काढून मोजलं : तेविसावा.