जन्ममृत्यूची नोंद आणि लोकांचे आरोग्य

व्यापारी मनुष्य दररोज सायंकाळी रोजकीर्द लिहितो आणि वर्षअखेर खतावणीवरून आपला नफातोटा ठरवितो. ज्याची वही खोटी, त्याचा व्यापार अंधारात चाललेला असतो. राष्ट्राच्या आरोग्याचेही तसेच आहे. किती बालके जन्मास आली, किती माणसे मृत्यू पावली, कोणत्या वयात व कोणत्या रोगाने पावली, ही राष्ट्राच्या आरोग्याची रोजकीर्द होय. ती कशी लिहिली जाते, तिच्यात कोणते दोष राहतात व ते कसे दूर करता येतील, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. विषय प्रथमदर्शनी रुक्ष वाटेल. परंतु ज्या मनुष्याचे नाव ह्या वहीत येत नाही, त्याच्यासाठी दवाखाना, लस किंवा शुद्ध पाणी ह्यांची तजवीज करावी असे कोणाच्याही मनात येत नाही, एवढे ध्यानात घेतले म्हणजे तो तसा वाटणार नाही.

ह्या शास्त्राचा उगम ख्रिस्ती मंडळ्यांच्या नोंदवह्यांत आहे. इंग्लंडात १५३८ साली प्रत्येक पॅरिशने बाप्तिस्मा, विवाह व दफन ह्यांची नोंद ठेवावी असा हुकूम निघाला. पुढे लंडन शहरात पॅरिशवार मृत्यूंच्या याद्या छापल्या जाऊ लागल्या. जॉन ग्राँट नावाच्या एका व्यापाऱ्याने त्या याद्यांचा अभ्यास करून १६६२ साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. मृत्यू हा एकेका घराचा शोक असला, तरी हजारो मृत्यू एकत्र मांडले असता त्यांत नियम दिसून येतात, हे त्याने दाखविले. १८५४ साली लंडनमध्ये पटकीची साथ आली असता डॉ. जॉन स्नो ह्यांनी सरकारी नोंदणी कचेरीतून मृतांची यादी व पत्ते मिळविले, आणि बहुतेक मृत्यू ब्रॉड स्ट्रीटवरील एका पंपाच्या आसपास घडल्याचे सिद्ध केले. पटकीचे जंतू पाण्यातून पसरतात हे सर्वमान्य होण्यापूर्वीची ही गोष्ट आहे. रोगाचा जंतू ठाऊक नसतानाही खऱ्या नोंदीने त्याची वाट दाखविली.

आपल्या मुंबईचा अनुभवही बोधप्रद आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस ह्यांनी ग्रंथिक सन्निपाताचे, म्हणजे प्लेगचे, रोगी ओळखले. त्यानंतर घरांची झडती आणि रोग्यांस सक्तीने इस्पितळात नेणे सुरू झाले, तेव्हा भयभीत लोक आजारी माणसे लपवू लागले व प्लेगच्या मृत्यूला दुसऱ्या ज्वराचे नाव देऊ लागले. तथापि मृतांची एकूण संख्या नेहमीच्या सरासरीपेक्षा किती वाढली हे पाहिले असता लपविलेली साथ उघडी पडत होती. ह्यावरून दोन गोष्टी शिकावयाच्या: एक, भीतीने खरी नोंद मिळत नाही, आणि दुसरी, कारण लपविता आले तरी मृत्यूंची बेरीज सहसा लपत नाही.

आज आपल्या देशात जन्ममृत्यूची नोंद १९६९ च्या कायद्यान्वये सक्तीची आहे. घटना घडल्यापासून एकवीस दिवसांच्या आत ती निबंधकास कळवावयाची असते. १ ऑक्टोबर २०२३ पासून ह्या कायद्यातील दुरुस्ती अमलात आली, आणि त्या दिवसापासून जन्मणाऱ्या बालकांच्या शाळाप्रवेशासाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच ग्राह्य धरावयाचा आहे. कायदा तर आहे. मग वही पूर्ण व खरी आहे किंवा नाही हे कसे तपासावे? त्यासाठी चार प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न: सर्व घटनांची नोंद होते काय? एक हिशेब करून पाहू. एखाद्या विभागात वर्षभरात ५,००० बालके जिवंत जन्मली व त्यांपैकी १०० बालके वर्ष पुरे होण्यापूर्वी दगावली, असे समजा. बालमृत्यूचे प्रमाण हजारी २० झाले. आता डोंगरउतारावरील झोपड्यांत आणखी २५ बालके दगावली, परंतु त्यांची नोंद झालीच नाही, तर खरे प्रमाण हजारी २५ असूनही कागदावर २० च दिसेल, आणि ज्या वस्तीला मदतीची सर्वांत अधिक गरज तीच वस्ती निरोगी ठरेल! महाराष्ट्रात ही केवळ कल्पना राहिलेली नाही. डॉ. अभय बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल प्रसिद्ध केला, तेव्हा राज्यातील कितीतरी बालमृत्यू सरकारी दप्तरात येतच नाहीत हे सर्वांच्या नजरेस आले.

दुसरा प्रश्न: मृत्यूचे कारण खरे लिहिले जाते काय? ‘हृदयक्रिया बंद पडल्याने मृत्यू’ असे आपण नेहमी वाचतो. परंतु मरणाऱ्या प्रत्येकाचीच हृदयक्रिया बंद पडते; ते मृत्यूचे कारण नव्हे, तो मृत्यूच होय. मधुमेहाच्या रोग्याच्या पायास जखम झाली, ती चिघळली, विष रक्तात भिनले व तो मरण पावला, तर मूळ कारण मधुमेह हे होय. डॉक्टराच्या प्रमाणपत्रात शेवटच्या कारणापासून मूळ कारणापर्यंत अशी पायरीपायरीने नोंद करण्याची सोय असते. देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी कारणाचे वैद्यकीय प्रमाणपत्र असलेले मृत्यू २०२० साली शेकडा सुमारे २२.५ च होते. बाकीच्यांनी कोणत्या रोगाने प्राण सोडला हे वहीवरून कळावयास मार्ग नाही.

तिसरा प्रश्न: नोंद वेळेवर व योग्य ठिकाणी पोहोचते काय? २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि पुढील आठवड्यांत लेप्टोस्पायरोसिसने मुंबईत अनेकांचा बळी घेतला. हा रोग वेळीच ओळखल्यास औषधाने बरा होतो. अशा प्रसंगी दोन महिन्यांनी तयार होणाऱ्या सुबक तक्त्याचा उपयोग काय? ठिकाणाचाही असाच घोटाळा होतो. कायद्याप्रमाणे घटना जेथे घडली तेथे तिची नोंद होते. घाटकोपरचा रोगी परळच्या के. ई. एम. रुग्णालयात वारला, तर नोंद परळच्या विभागात होते. बोरिवलीची सून पहिल्या बाळंतपणासाठी कोकणात माहेरी गेली, तर बालकाचा जन्म तेथल्या वहीत जातो. म्हणून केवळ घटनास्थळावरून मोजणी केल्यास मोठी रुग्णालये असलेला भाग रोगट व उपनगर निरोगी भासेल. फॉर्मात राहण्याचा पत्ताही विचारलेला असतो. त्या पत्त्याप्रमाणे नोंदी पुन्हा लावल्या, तरच अंधेरीचे दुःख अंधेरीच्या खाती पडेल. शिवाय उपनगरांत पुष्कळ लोक खासगी डॉक्टरांकडे जातात. क्षयाचा प्रत्येक रोगी सरकारास कळविणे मे २०१२ पासून खासगी डॉक्टरांवरही बंधनकारक झाले, ते ह्याच कारणाने.

चौथा प्रश्न: नोंदीचा उपयोग होतो काय, आणि चूक आढळल्यास ती सुधारली जाते काय? कोविडच्या साथीत १६ जून २०२० रोजी महाराष्ट्र सरकारने नोंदींची फेरतपासणी करून पूर्वी घडलेले १,३२८ मृत्यू एकूण संख्येत मिळविले. त्यांपैकी ८६२ मुंबईतील होते. ते आधी का सुटले ह्याबद्दल टीका झाली व ती योग्यच होती. परंतु चुकलेली बेरीज उघडपणे दुरुस्त करणे हे चुकीस चिकटून राहण्यापेक्षा केव्हाही श्रेयस्कर. उपयोगाचे उत्तम उदाहरण गडचिरोलीचे आहे. तेथे डॉ. राणी व डॉ. अभय बंग ह्यांच्या ‘सर्च’ संस्थेने घरोघरी जाऊन जन्ममृत्यूंची मोजणी केली, नवजात बालके कशाने दगावतात हे शोधिले व गावातील स्त्रियांना उपचाराचे शिक्षण दिले. ३९ गावांत चाललेल्या ह्या कार्यामुळे, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने, नवजात मृत्यूंचे प्रमाण शेकडा ६२ ने घटले, असे १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात दाखविले आहे. मोजणी ही येथे उपचाराची पहिली पायरी ठरली.

ह्या चार प्रश्नांतूनच सुधारणेची दिशा मिळते. संगणक उत्तम साधन आहे. २००८ पासून देशभरची आरोग्यविषयक माहिती संगणकावर एकत्र होऊ लागली. परंतु खोटा आकडा संगणकात घातला तर तो खोटाच राहतो, केवळ अधिक वेगाने दिल्लीस पोहोचतो. म्हणून प्रथम रजिस्टरांची संख्या कमी करावी. एकच गोष्ट चार ठिकाणी लिहावी लागली, तर आरोग्यसेविकेचा दिवस लेखणीतच जातो आणि घरभेटी राहून जातात. दुसरे, रुग्णालयाची यादी, स्मशानाची व कब्रस्थानाची वही आणि विभाग कचेरीचे दप्तर ही दरमहा एकमेकांशी ताडून पाहावीत. तिसरे, गोळा केलेली माहिती त्या त्या वस्तीतील सेविकेला व रहिवाशांना परत सांगावी. आपण लिहिलेल्या आकड्यातून नळ दुरुस्त झाला हे पाहिले, म्हणजे पुढचा आकडा मनुष्य काळजीने लिहितो. आणि चौथे, सर्वांत महत्त्वाचे असे की मृत्यू कळविणाऱ्यास शिक्षा होऊ नये. जेथे खरे सांगणाऱ्याला ताकीद व लपविणाऱ्याला शाबासकी मिळते, तेथे वही सुंदर दिसते व बालके मरतात.

विद्यार्थी मित्रांनो, ह्या कामात तुमचाही वाटा आहे. घरी किंवा शेजारी बालक जन्मले अथवा कोणी वारले, तर एकवीस दिवसांच्या आत नोंद झाली की नाही हे वडील माणसांस विचारा. बालकाचे नाव ठरले नसले तरी नोंद अडत नाही. ते मागाहून घालता येते. निरक्षर शेजाऱ्यास फॉर्म भरून द्या, आणि त्यात वय, पत्ता व स्पेलिंग अचूक लिहा. तुमच्यांपैकी जे पुढे डॉक्टर, परिचारिका किंवा कारकून होतील, त्यांनी ही शिस्त आतापासून अंगी बाणवावी.

प्रभू येशूने सांगितलेला हरवलेल्या मेंढराचा दाखला आपण सर्वांनी ऐकला आहे. मेंढपाळाने नव्याण्णव मेंढरे सोडून एकाचा शोध केला, ह्या त्याच्या प्रीतीकडे आपले लक्ष जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु एक मेंढरू हरवले हे त्याला कळले कसे? त्याने ती मोजली होती म्हणून. ज्याला आपली मेंढरे शंभर आहेत हेच ठाऊक नाही, तो नव्याण्णवांवर समाधान मानून निजेल. प्रामाणिक मोजणी हे प्रीतीचेच एक काम आहे. आणि मुलुंडच्या डोंगराखालील झोपडीत काल जन्मलेले बालक जोपर्यंत कोणत्याही वहीत नाही, तोपर्यंत ते काम अपुरे आहे.