गाडीखालचा डबा

जव्हारहून मोखाड्याकडे निघालं, की रस्ता चढ-उताराचा आणि वळणांचा. पावसाळ्यात धुकं, उन्हाळ्यात धूळ. या वाटेनं भाजी जाते, मोगऱ्याची फुलं जातात, आजारी माणूस दवाखान्यात जातो. गाडी धड असली, तरच ही कामं होतात.

आमच्या ओळखीच्या एका गाडीवाल्याची गोष्ट ऐका. त्याची गाडी जुनी, पेट्रोलवर चालणारी. एके दिवशी गाडीच्या पोटाखाली खडखड वाजू लागलं. चढावर गाडी दम टाकू लागली. मिस्त्री म्हणाला, "दादा, धुराच्या नळीतला डबा गेला. नवा महाग पडेल. हा कापून सरळ नळी जोडतो. गाडी पळेल." गाडीवाल्यानं मान डोलावली. जुना डबा मिस्त्र्याकडेच राहिला.

पुढे पाऊस लागला. काचा लावून गाडी चालली होती. मागच्या बाकावरच्या बाया म्हणाल्या, "डोकं गरगरतंय. मळमळतंय." गाडी थांबवली, दारं उघडली, तेव्हा त्यांना बरं वाटलं. नळीचा जोड नीट बसला नव्हता. तिथून धूर आत येत होता. आणि त्या धुराचं विष कमी करणारा डबा तर गाडीला उरलाच नव्हता.

त्या डब्याला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर म्हणतात. त्याच्या आत मधाच्या पोळ्यासारखी बारीक बारीक भोकं असतात. भोकांच्या भिंतींवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम अशा धातूंचा पातळ लेप असतो. गरम धूर त्यातून जातो आणि विषारी वायूंचं रूप बदलतं. लेप मात्र खर्च होत नाही. लग्न जुळवणारा मध्यस्थ दोन घरं जोडतो आणि स्वतः जसा होता तसा घरी जातो. लेपाचं काम तसंच.

धुरातला एक वायू फार वाईट. त्याचं नाव कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपलेली माणसं दगावतात, ती याच वायूनं. म्हणून डबा चांगला असला, तरी बंद जागेत गाडी चालू ठेवू नये.

आपल्या देशात १९९५ च्या एप्रिलपासून मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या ४ शहरांत नव्या पेट्रोल मोटारींना हा डबा सक्तीचा झाला. तेव्हा पेट्रोलमध्ये शिसं असे. शिशानं लेप झाकला जातो आणि डबा निकामी होतो. म्हणून बिनशिशाचं पेट्रोल आणावं लागलं. २००० सालापासून देशभर तेच मिळू लागलं.

आता नवा डबा घ्यायचा, तर कसा पारखावा? गाडीच्या कंपनीचा डबा महाग. बाहेरचा स्वस्त. बाहेरचा वाईटच असतो असं नाही. पण वरून सगळे डबे सारखेच दिसतात. नुसत्या डोळ्यांनी पारख होत नाही. वाचावं लागतं.

आधी गाडीचं नोंदणी कार्ड काढा. त्यावर गाडीचं इंधन लिहिलेलं असतं. इंजिन किती सीसीचं, गाडी कोणत्या सालची, हेही असतं. नव्या कार्डावर बीएस ४, बीएस ६ असा धुराचा दर्जाही असतो. डबा या सगळ्याशी जुळला पाहिजे. डिझेलचा डबा पेट्रोलला चालत नाही. लहान इंजिनाचा डबा मोठ्या इंजिनाला पुरत नाही.

मग डब्यात बॅटरीचा उजेड टाका. बारीक भोकं दिसतात का? आत पोकळ दिसलं, तर ते नुसतं टिनपाट. डब्यावर बाण असेल, तर धूर त्याच दिशेनं गेला पाहिजे. जुन्या डब्याला सेन्सरची जागा असेल, तर नव्यालाही हवी. पक्की पावती घ्या. हमी किती दिवसांची, ते लिहून घ्या.

आणखी एक गोष्ट. जुना डबा का गेला, ते मिस्त्र्याला विचारा. प्लग नीट ठिणगी देत नसेल, तर न जळलेलं पेट्रोल डब्यात जाऊन जळतं. आतलं पोळं वितळतं. इंजिन ऑईल खात असेल, तर लेप खराब होतो. आधी इंजिन नीट करा. नाहीतर नवा डबाही जाईल.

जुना डबा फुकट सोडू नका. त्यातले काही धातू सोन्याच्या तोडीचे महाग असतात. म्हणून तर चोर गाडीखालून डबा कापून नेतात.

डबा काढून गाडी चालवणं कायद्यालाही धरून नाही. पीयूसी तपासणीत असा धूर पकडला जातो.

त्या गाडीवाल्याचं पुढे काय झालं? तो पुन्हा दुकानात गेला. या वेळी बायको बरोबर होती. ती आमच्या वर्गात येते. तिथं ती इंग्रजी आकडेही शिकली आहे. दुकानदारानं स्वस्त डबा पुढे केला. म्हणाला, "डोळे मिटून न्या, काका." बाईनं डोळे उघडेच ठेवले. कार्डावरचा आकडा बोट ठेवून वाचला. ११९६. मग खोक्यावरचा आकडा वाचला. ७९६. ती म्हणाली, "भाऊ, हा आमच्या गाडीचा नाही."

दुकानदार गप्प झाला आणि दुसरं खोकं काढू लागला.

मंडळी, तुमच्या घरी मोटारसायकल तरी असेलच. आज घरी गेल्यावर तिचं कार्ड काढा. इंधन कोणतं, सीसी किती, साल कोणतं, ते वाचा आणि वहीत लिहा. उद्या वर्गात आपण सगळे ते मोठ्यानं वाचू.