घोड्याच्या वतीने शब्द देताना

पुण्याचा पावसाळी हंगाम ऑक्टोबरात आटोपतो आणि तबेल्याची नजर मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सकडे वळते. जुलैपासून पुण्यात धावलेले घोडे व्हॅनमधून घाट उतरतात आणि नोव्हेंबर ते एप्रिल मुंबईत धावतात. मधल्या या दिवसांत प्रत्येक मालकाचा एकच प्रश्न असतो : "आपल्या घोड्याचं काय वाटतं?" ट्रेनरचा सहायक म्हणून या प्रश्नाचं उत्तर तयार करण्याचं काम माझ्याकडे आहे. कोणत्या शर्यतीत नाव घालायचं, किती अंतर झेपेल, तयारी कुठवर आली, जिंकण्याची आशा किती, हे सगळं त्या उत्तरात आलं पाहिजे. घोडा स्वतःबद्दल बोलू शकत नाही. त्याच्या वतीने आपण शब्द देतो, म्हणून तो शब्द जपून द्यावा लागतो. तबेल्यात राहून या कामाबद्दल जे शिकलो, ते इथे क्रमाने मांडतो.

१. पहिला अंदाज गव्हाणीत मिळतो.

पहाटे ट्रॅकवर जाण्याआधी आमचा जमादार प्रत्येक घोड्याच्या गव्हाणीत डोकावतो. रात्रीची जवी, चोकर, लसूणघास संपली आहे की उरली आहे, हे तो बघतो. ज्या घोड्याने दाणा चाटूनपुसून खाल्ला, तो आदल्या दिवशीच्या कामातून सावरला. ज्याने अर्धा सोडला, त्याच्याबद्दल जमादार एवढंच म्हणतो, "साहेब, आज याला नुसतं चालवू." मग थर्मामीटर लावतात. घोड्याच्या अंगाचं तापमान साधारण साडेसदतीस ते साडेअडतीस अंश सेल्सिअस असतं. त्याहून वर गेलं तर त्या दिवसाचं काम बंद. शर्यतीचा अंदाज मोठमोठ्या गोष्टींनी सुरू होतो असं बाहेरच्याला वाटतं. तबेल्यात तो उरलेल्या दाण्याने सुरू होतो.

२. पायांवरून हात फिरवल्याशिवाय काही बोलू नये.

थरोब्रेड घोडा साडेचारशे-पाचशे किलोचा असतो आणि ताशी साठ किलोमीटरच्या आसपास वेगाने धावतो. त्या वेगात एक क्षण असा येतो की सगळा भार एकाच पुढच्या पायावर असतो, आणि तो भार शरीराच्या वजनाच्या दुपटीहून जास्त होतो. हे सगळं नळीच्या मागून जाणाऱ्या टेंडनला सोसावं लागतं. टेंडन फाटायच्या आधी बहुतेक वेळा थोडी गरमी आणि थोडी सूज दिसते. तेवढ्यावर थांबलं तर काही आठवड्यांची विश्रांती पुरते. तसंच पळवलं तर वर्ष जातं, कधी कधी घोडाच जातो.

आमच्याकडे एक वेगवान घोडा आहे, हजार-बाराशे मीटरचा. पुण्यात शर्यतीच्या आदल्या सकाळी त्याच्या डाव्या पायाला हाताखाली किंचित ऊब लागली. चालताना तो लंगडत नव्हता, डोळ्यांना काही दिसत नव्हतं. ट्रेनरने त्याचं नाव मागे घेतलं. मालक हिरमुसले, कारण त्यांचे पाहुणे बाहेरगावाहून आले होते. आज तो घोडा चारही पायांनी धड आहे आणि जानेवारीत धावायच्या तयारीत आहे. "या वेळी नको" हासुद्धा अंदाजच आहे, आणि तो सांगायला सगळ्यात जास्त धैर्य लागतं.

३. स्टॉपवॉचइतकंच श्वासाकडेही लक्ष द्यावं.

पहाटेच्या कामाच्या वेळा लोक मोठ्या हौसेने टिपून घेतात. पण वरच्या रायडरचं वजन किती होतं, काम वाळूवर झालं की गवतावर, धावपट्टीच्या आतल्या कडेची रेल किती बाहेर सरकवली होती, घोड्याला हाकलला की तो आपणहून गेला, हे कळल्याशिवाय त्या वेळेला अर्थ येत नाही.

मी काम संपल्यावर घोड्याजवळ जाऊन उभा राहतो. घोडा तोंडाने श्वास घेऊ शकत नाही, फक्त नाकाने घेतो. चौखूर उधळताना त्याचा श्वास पावलांच्या लयीत बांधलेला असतो, एका झेपेला एक श्वास. विश्रांतीत मिनिटाला तीस-चाळीस ठोके देणारं त्याचं हृदय शर्यतीत दोनशेच्या पलीकडे जातं. काम झाल्यावर नाकपुड्या किती वेळ फुललेल्या राहतात, बरगड्या किती लवकर शांत होतात, त्यावरून तयारी कळते. तेवढंच काम करून गेल्या आठवड्यापेक्षा लवकर सावरला, तर घोडा वर येतो आहे असं मी मालकाला बिनदिक्कत सांगतो.

४. कागदावरचं वय वेगळं, अंगातलं वेगळं.

भारतातल्या शर्यतींत सगळ्या घोड्यांचा वाढदिवस १ जानेवारीला धरतात. जानेवारीत जन्मलेलं शिंगरू आणि एप्रिलअखेरीस जन्मलेलं शिंगरू कागदावर एकाच वयाची. पण तीन-चार महिन्यांचा फरक कोवळ्या हाडांत मोठा असतो. वाढदिवसाच्या या नियमामुळेच डिसेंबरातल्या गिनीज शर्यतींना घोडे तीन वर्षांचे म्हणून धावतात आणि तेच घोडे फेब्रुवारीच्या सुरुवातीला डर्बीला चार वर्षांचे म्हणून उतरतात.

आमची एक फिली, म्हणजे तरुण घोडी, उशिरा जन्मलेली आहे. उंच, सडपातळ, अजून अंग भरायचं बाकी. डिसेंबरातली वन थाउजंड गिनीज फक्त फिलींसाठी असते, १६०० मीटरची, आणि तिथे तिचं नाव घालावं असं मालकांच्या मनात आहे. आमचा सल्ला जानेवारीअखेरच्या ओक्सचा आहे. ती २४०० मीटरची आहे आणि तोवर फिलीला आणखी काही आठवडे मिळतील. वाढीचे दिवस पैसे देऊन विकत मिळत नाहीत.

५. अंतर घोड्याच्या स्वभावात असतं.

बाराशे मीटर सव्वा मिनिटाच्या आत संपतात. तिथे गेटमधून सुटताच वेग लागतो. डर्बीच्या २४०० मीटरला आणि पुण्यात सप्टेंबरात होणाऱ्या सेंट लेजरच्या २८०० मीटरला धीर लागतो. वंशावळ बघून अर्धं उत्तर मिळतं, उरलेलं स्वभावात असतं. जो घोडा पहिल्या पाचशे मीटरमध्ये लगाम ओढून जॉकीशी भांडतो, त्याच्यात दम कितीही असला तरी तो शेवटच्या दोनशे मीटरसाठी उरत नाही.

१९४३ साली सुरू झालेली इंडियन डर्बी हे प्रत्येक मालकाचं स्वप्न असतं, आणि त्या स्वप्नाचा मला आदर आहे. क्लासिक शर्यतींची नावं फार आधी घालावी लागतात, टप्प्याटप्प्याने पैसे भरावे लागतात, त्यामुळे मालकाचा जीव आधीच त्यात गुंतलेला असतो. आमच्याकडच्या एका कोल्टला, म्हणजे तरुण नर घोड्याला, आम्ही तीन महिने दुसऱ्या घोड्यांच्या मागे काम करायला शिकवलं. आता तो पुढच्या घोड्याच्या आडोशाला शांत धावतो. डर्बीचा विषय आम्ही काढला तो या शांतपणानंतर.

६. पुण्याचा फॉर्म जसाच्या तसा मुंबईला नेऊ नये.

पावसाळ्यात पुण्याची धावपट्टी ओली, मऊ असते. क्लब पेनेट्रोमीटरने जमिनीचा मऊपणा मोजून जाहीर करतो, आणि तो आकडा मी वहीत प्रत्येक निकालाशेजारी लिहितो. काही घोड्यांचे खूर मोठे, पसरट असतात, चाल उंच असते. त्यांना मऊ जमीन मानवते. जमिनीलगत सपाट झेप घेणाऱ्यांना महालक्ष्मीवरची हिवाळ्यातली कोरडी जमीन आवडते. पुण्यात पाचवा-सहावा आलेला घोडा डिसेंबरात महालक्ष्मीवर जिंकला की लोकांना नवल वाटतं. वही उघडली तर त्यात नवलाचं काही नसतं.

७. वजन आणि गेट यांचा हिशेब घालावा.

हँडिकॅप शर्यतीत चांगल्या घोड्यावर जास्त वजन चढवून सगळ्यांना एका रांगेत आणायचा प्रयत्न असतो. रेटिंगमध्ये दोन गुणांचा फरक म्हणजे पाठीवर एक किलोचा फरक. जिंकला की रेटिंग वाढतं, पुढच्या वेळी वजन वाढतं. म्हणून "मागच्या वेळी सहज जिंकला" हे ऐकून हुरळून जाऊ नये. आज तो कोणत्या वजनाने धावतो आहे, हे आधी विचारावं.

गेटचंही तसंच. मुंबई-पुण्याच्या धावपट्ट्या उजव्या हाताच्या आहेत. अर्धवर्तुळाच्या वळणावर रेलपासून एक मीटर बाहेरून धावणाऱ्या घोड्याला तीन मीटरहून थोडं अधिक अंतर जास्त कापावं लागतं. घोड्याची एक लांबी साधारण अडीच मीटरची. म्हणजे बाहेरच्या गेटवरून निघून वळणभर बाहेरच अडकलेला घोडा एका लांबीहून जास्त गमावून बसतो, आणि बऱ्याच शर्यती त्याहून कमी फरकाने जिंकल्या जातात.

८. सईसाचं म्हणणं अंदाजात आलंच पाहिजे.

ट्रेनर घोडा रोज काही मिनिटं बघतो, मालक सुट्टीच्या दिवशी. सईस दिवसभर त्याच्यासोबत असतो. खरारा करताना कुठे हात लावला की अंग चोरतो, रात्री बसतो की उभाच राहतो, पाणी कमी पितो का, हे त्यालाच ठाऊक. "काल रात्रभर ठाणात फिरत होता," असं एका सईसाने सांगितल्यावर आम्ही डॉक्टरांना बोलावलं. पोटदुखीची सुरुवात होती, वेळेवर सापडली. मालकाला पाठवायच्या प्रत्येक अंदाजाआधी मी सईसाशी बोलतो, आणि त्याने सांगितलेलं त्याच्या नावाने लिहितो. त्याच्या कष्टांवर हा सगळा डोलारा उभा आहे. बक्षीस समारंभात त्याचं नाव घ्यायला हवं.

९. "नक्की" हा शब्द वापरू नये.

सगळ्यांचा आवडता, सर्वाधिक पसंतीचा घोडासुद्धा साधारणपणे तीनांपैकी एकदाच जिंकतो. गेटमध्ये पाय घसरतो, पुढचा घोडा आडवा येतो, वाट बंद होते. म्हणून मी तीनच गोष्टी सांगतो : घोडा तंदुरुस्त आहे का, शर्यत त्याच्या अंतराची आणि वजनाची आहे का, आणि समोर कोण आहेत. यावरून मालकाने स्वतःची आशा ठरवावी. तबेल्याच्या शब्दावर कोणी घरखर्चाचे पैसे लावू नयेत, हे मी ओळखीच्या प्रत्येकाला सांगतो. आमचं काम घोडा घडवण्याचं आहे.

१०. शेवटच्या शर्यतीनंतरचाही अंदाज द्यावा.

आमच्याकडचा एक जुना गेल्डिंग, म्हणजे खच्ची केलेला घोडा, अनेक हंगाम इमानाने धावला. यंदा तो हँडिकॅपमध्ये खालच्या वर्गात उतरेल, कमी वजनाने, आणि एखादी शर्यत त्याच्यात नक्कीच उरली आहे अशी भाषा मी करणार नाही. धावला तर आनंदाने धावेल, एवढं सांगतो. हंगामाअखेर त्याला रायडिंग स्कूलमध्ये जागा मिळावी म्हणून बोलणी आत्ताच सुरू केली आहेत. घोडा पंचवीस-तीस वर्षं जगू शकतो आणि शर्यतीचं आयुष्य त्यातलं थोडंच असतं. उरलेल्या वर्षांची तजवीज न करता दिलेला अंदाज अपुरा असतो.

तर येत्या हंगामाचं आमचं म्हणणं असं : कोल्ट डिसेंबरात टू थाउजंड गिनीजला उतरेल, तिथे शेवटपर्यंत दम टिकला तरच डर्बी. फिलीचं लक्ष्य ओक्स. वेगवान घोडा जानेवारीपासून, पाय थंड राहिले तर. गेल्डिंग दोन-तीनदा धावेल, पुढे निवृत्ती.

घोडे बाळगणाऱ्या आणि शर्यती आवडीने बघणाऱ्या सर्वांना एक विनंती आहे. तबेल्यात फोन कराल तेव्हा "जिंकेल का?" हा प्रश्न नंतर विचारा. आधी विचारा, "घोडा कसा आहे?" ज्या तबेल्यात या प्रश्नाचं सरळ उत्तर मिळतं, तिथेच आपला घोडा ठेवा.