पुस्तकाचा अहवाल आणि मणीचा चेहरा

चि. भाचीस,


बोईसरच्या शाळेत इंग्रजीचे वर्ग तुझ्याकडे आले असून जुन्या शिरस्त्याप्रमाणे पुस्तकाचा लेखी अहवाल घेण्याऐवजी मोबाइल, ध्वनिमुद्रण, चित्रफीत अशा साधनांनी मुलांकडून काही निराळे करून घ्यावे असा तुझा मनोदय आहे, हे वाचून संतोष झाला. लेखकाचे नाव, पात्रांची यादी, सारांश आणि तात्पर्य असा चार रकान्यांचा तो अहवाल गाइडवरून बरहुकूम उतरवता येतो, आणि ज्याने पुस्तक हातीही धरले नाही त्याची वही तपासणीत निर्दोष ठरते. तेव्हा त्याचा कैवार मी घेत नाही. परंतु जी कृती पुस्तक न उघडता तडीस जाते, ती कागदावर असो वा पडद्यावर, वाचनाच्या दृष्टीने सारखीच व्यर्थ होय. उसनी चित्रे जोडून त्यांवर संगीत चढवलेली चित्रफीत म्हणजे त्याच अहवालाची रंगीत नक्कल. शिवाय आता सारांश लिहून देणारे यंत्रही मुलांच्या हाताशी आले आहे.

म्हणून साधनाआधी प्रश्न निवड. आर. के. नारायण यांची १९३५ साली प्रसिद्ध झालेली ‘स्वामी अँड फ्रेंड्स’ ही कादंबरी घे. शेवटी स्वामीचा मित्र राजम आगगाडीने गाव सोडून जातो, स्वामीने भेट म्हणून आणलेले पुस्तक दुसरा मित्र मणी गाडीबरोबर धावत त्याच्या हाती देतो, आणि मग ‘राजम मला पत्र लिहील ना?’ या स्वामीच्या प्रश्नावर, लिहील, त्याला तुझा पत्ता दिला आहे, असे मणी सांगतो. पण तो पत्ता कोणता हे विचारताच टाळाटाळ करतो, व त्याच्या चेहऱ्यावरून खरेखोटे स्वामीला उमगत नाही. आता मुलांना सांग की, त्या रात्री मणी स्वतःशी काय बोलला असेल ते दोन मिनिटांच्या इंग्रजी ध्वनिमुद्रणात बोला, आणि कादंबरीतील कोणत्या वाक्यांच्या आधाराने ते बोललात तेही अखेरीस सांगा. मणी खोटे बोलला म्हणणाऱ्याला आणि खरे बोलला म्हणणाऱ्यालाही मागची पाने पुन्हा चाळावीच लागतील. वर्गात उभे राहायला संकोचणारे मूलही स्वतःचा आवाज ऐकून न रुचलेले वाक्य पुन्हा म्हणू शकेल. हा लाभ वहीच्या अंगी नाही.

साधनांचा डौल मात्र टाळ. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर जाणाऱ्या बापाच्या खिशात घरातला एकुलता मोबाइल असतो. असे काम गृहपाठात दिलेस तर ज्याच्या घरी दुसरा फोन त्याचीच सरशी होईल. शाळेतल्या एका फोनवर, गटागटाने, इंटरनेट बंद ठेवून ते करून घे. चर्चा वारलीत, भोजपुरीत, गुजरातीत झाली तरी हरकत नाही, ध्वनिमुद्रण तेवढे इंग्रजीत असावे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीस आरंभलेले आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर नेलेले बालशिक्षणाचे कार्य तुझ्या शाळेपासून दूर नाही. शिंपले, बिया, पाने यांतून त्यांनी शैक्षणिक साहित्य सिद्ध केले, आणि गुरे राखणारी मुले शाळेत येईनात म्हणून शाळाच कुरणावर नेली. त्यांनी साधनाची किंमत पाहिली नाही, मुलाच्या हाताशी काय आहे ते पाहिले. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या शाळेत शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी क्यूआर कोड पाठ्यपुस्तकाच्या पानावरच आणला. म्हणजे यंत्राकडे जाणारी वाटही पुस्तकातूनच जाते.

गुण देताना सजावटीस शून्य आणि आधारास पूर्ण मोल दे. वरिष्ठांच्या दप्तरासाठी प्रत्येकाकडून तीन ओळींचे टिपण लिहून घे, म्हणजे लेखनाचा सरावही सुटणार नाही आणि तपासणीच्या वेळी खुलासे करण्याचा प्रसंग येणार नाही.

ध्वनिमुद्रणे झाली म्हणजे उच्चार सर्वांत सुबक असलेले मला पाठवू नकोस; ज्या मुलाचे इंग्रजी अडखळते, पण ज्याने मणीविषयीचा आपला निर्णय पानानिशी सिद्ध केला आहे, त्याचे प्रथम पाठव.

तुझा,
मामा